आईच्या आजारपणाची वही: घरी डिमेन्शियाची शुश्रूषा आणि कुणीच न मोजलेला खर्च

पाऊलवाट
रविवार, रात्री ११:४०

आईला डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, निदान होऊन चार वर्षं झाली. त्यातला अल्झायमर. ती माझ्याकडे असते. दादा दुसऱ्या शहरात, धाकटी बहीण त्याहून लांब. दोघंही दर महिन्याला न चुकता पैसे पाठवतात. हे आधीच सांगते, कारण त्यांची तक्रार करायला मी इथे आलेली नाही.

मी २१ वर्षं हिशेब तपासनिसाचं काम केलं. निदान झालं त्या वर्षी अर्धा दिवस मागून घेतला. पुढच्या वर्षी घरून काम केलं. तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना आई दार उघडून बाहेर पडली आणि तीन तासांनी सापडली. त्या आठवड्यात राजीनामा दिला. घरात कुणी दे म्हटलं नव्हतं. कुणी देऊ नको असंही म्हटलं नाही.

मागच्या वर्षी दादाने फोनवर सहज विचारलं, "औषधं तर तीनच आहेत, मग इतका खर्च होतो कुठे?" राग आला नाही. पण मला स्वतःलाच उत्तर देता येईना आणि ते फार लागलं. दुसऱ्या दिवशी एक वही घातली. आज त्या वहीला वर्ष पूर्ण झालं.

वहीत तीन रकाने आहेत. पहिल्यात बिलं असलेला खर्च: डॉक्टर, तपासण्या, औषधं, डायपर, दिवसाच्या मावशींचा पगार. दुसऱ्यात बिल नसलेला: रोज दोनदा धुतल्या जाणाऱ्या चादरींचं पाणी आणि वीज, आईने टॉयलेटमध्ये टाकलेला चष्मा आणि दोनदा हरवलेली कवळी, बाथरूममधल्या दांड्या, बाहेरून लावायची कडी, मावशी अचानक आल्या नाहीत की धावपळीत आणलेली बदली बाई. हा दुसरा रकाना पहिल्याच्या निम्म्याला पोचला, याची मला कल्पनाच नव्हती.

तिसऱ्या रकान्यात माझे तास. फक्त हातांनी केलेलं काम धरलं: अंघोळ, कपडे, भरवणं, गोळ्या, टॉयलेटला नेणं, रात्रीचं उठणं. नुसतं लक्ष ठेवणं धरलं नाही. आठवड्याची सरासरी ४५ तास निघाली. मी जी नोकरी सोडली तिचे तास ४२ होते.

आता तीन प्रश्न. एक, या तिसऱ्या रकान्याची किंमत लावायची कशी, की लावूच नये? दोन, आईची स्वतःची पुंजी आहे. तिच्यातून मी दरमहा काही रक्कम माझ्या नावे घेतली, तर ते चूक का? तीन, हे किती वर्षं चालेल असं धरून पैसा पुरवायचा? तिसरा प्रश्न लिहिताना हात थांबतो, पण पैशाचा हिशेब त्याच्याशिवाय होत नाही.

रानजाई
सोमवार, सकाळी ७:०५

पाऊलवाट, तुमची वही वाचून पोटात कालवलं. मी नवऱ्याचं करते. त्यांना ५७ व्या वर्षी निदान झालं, म्हणजे ऐन कमावत्या वयात.

तुमचा हिशेब निदानापासून सुरू होतो. आमच्याकडे पैसा त्याच्या कितीतरी आधीपासून गळत होता. हप्ते चुकत होते, दंड लागत होता, एकच बिल दोनदा भरलं जात होतं. मला वाटायचं, कामाचा ताण असेल. पैशाचे व्यवहार सगळे त्यांच्याकडे, मी कधी डोकावलेच नाही. त्यांनी एका ओळखीच्या माणसाला मोठी रक्कम उसनी दिली, कागद न करता. नंतर विचारलं तर दिल्याचंच आठवेना. ती परत मिळाली नाही.

मागाहून कळलं की याचा अभ्यास झालेला आहे. २०२० मध्ये अमेरिकेत ८० हजारांहून जास्त वृद्धांच्या कर्जफेडीच्या नोंदी तपासल्या. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला त्यांचे हप्ते चुकायला निदानाच्या सहा-सहा वर्षं आधीपासून सुरुवात झालेली दिसली. पैसा सांभाळायला आकडेमोड, आठवण आणि समोरच्याला ओळखण्याची जाण, हे सगळं एकदम लागतं. म्हणून तिथेच आधी तडा जातो.

ज्यांच्या घरी निदान नुकतंच झालंय त्यांना हात जोडून सांगते. पहिल्या काही महिन्यांत औषधांच्या बरोबरीने कागदपत्रांकडे बघा. मृत्युपत्र, मुखत्यारपत्र, बँकेत दुसरं नाव, बिलं आपोआप जातील अशी सोय, मोठी रक्कम काढता येणार नाही अशी मर्यादा. साधं मुखत्यारपत्र, ते देणाऱ्याची समज गेली की अनेक देशांच्या कायद्यात आपोआप निकामी होतं. आम्हाला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. मग कोर्टात जावं लागलं. त्या वर्षी वकिलाची फी त्यांच्या औषधांपेक्षा जास्त झाली. वकिलाला नेमका हाच प्रश्न विचारा: समज गेल्यावरही टिकेल असा कागद आपल्या कायद्यात कोणता?

आणखी एक. निदान झालं म्हणजे माणसाला काहीच कळत नाही असं नसतं. निर्णय घेण्याची समज प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी तपासतात. सकाळी डोकं जास्त स्वच्छ असतं अशा वेळी त्यांच्याशी बोला, त्यांना काय हवंय ते विचारा. मी विचारायला हवं होतं.

एकतारा
सोमवार, दुपारी १:३०

पाऊलवाट ताई, मी तुमचा तो दादा आहे. म्हणजे खरा नव्हे, पण मीही पैसे पाठवणारा भाऊ. बाबा बहिणीकडे आहेत.

मीही असंच विचारायचो. विचारताना मनात काही वाईट नसायचं. मी रक्कम पाठवतो, रकमेची नोंद माझ्याकडे असते, म्हणून मला तीच दिसायची. बहिणीच्या रात्रींची नोंद कुठेच नव्हती.

दोन वर्षांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं आणि मी २३ दिवस बाबांजवळ राहिलो. पहिल्या रात्री ते पाच वेळा उठले. दर वेळी "मला घरी जायचंय" म्हणाले. घरातच होतो आम्ही. तिसऱ्या रात्री मी त्यांच्यावर ओरडलो. ते भिंतीला चिकटून उभे राहिले आणि मला म्हणाले, "साहेब, माझ्या मुलाला बोलवा." ते मी विसरू शकत नाही.

दहाव्या दिवशी ऑफिसचं काम रात्री करायचं सोडून दिलं, कारण रात्रच उरली नव्हती. तेविसाव्या दिवशी बहीण परत आली तेव्हा मी तिच्याशी पैशाबद्दल बोलायला बसलो. ती म्हणाली, "पैसे वाढवून देऊ नकोस. वर्षातले ३० दिवस दे." आता मी सुट्ट्या तशाच लावतो. तरीही मी वर्षाचे ३० दिवस देतो आणि ती ३३५ देते, हे मला दिसतं.

तुमच्या दादाला वही दाखवा. ऐकवू नका, हातात द्या. तिसरा रकाना त्याने स्वतः वाचू दे.

समपातळी
सोमवार, रात्री ९:२०

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. आरोग्याचं अर्थशास्त्र हा माझा विषय आहे.

घरच्या माणसाच्या तासांची किंमत लावायच्या दोन रूढ पद्धती आहेत. पहिली, गमावलेलं उत्पन्न: हेच तास तुम्ही नोकरीत घातले असते तर काय मिळालं असतं. दुसरी, बदली खर्च: तुमच्या जागी पगारी माणूस ठेवला असता तर काय द्यावं लागलं असतं. दोन्हींची उत्तरं खूप वेगळी येतात. पहिल्या पद्धतीत निवृत्त बायकोचे किंवा कधीच नोकरी न केलेल्या सुनेचे तास शून्य ठरतात, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. भावंडांत बसून बोलायचं असेल तर बदली खर्च धरा. सगळ्यांना समजतो, आणि बाजारात विचारून कुणालाही पडताळून बघता येतो.

पण गमावलेलं उत्पन्नही बाजूला मांडून ठेवा, कारण ते नुसत्या पगारापुरतं नसतं. निवृत्तीच्या खात्यात जाणारी रक्कम थांबली, बढती राहिली, आणि चार-पाच वर्षांनी परत नोकरी शोधाल तेव्हा आधीच्याच पगारावर कुणी घेईल याची खात्री नाही. ही रक्कम तुमच्या म्हातारपणातून वजा होते आहे.

तुम्ही नुसतं लक्ष ठेवणं धरलं नाही, ते मात्र चुकलं. डिमेन्शियाच्या खर्चाच्या अभ्यासात आरयूडी नावाची प्रश्नावली जगभर वापरतात. तिच्यात काळजीवाहूचा वेळ तीन भागांत विचारतात: अंघोळ-जेवणासारखी शरीराची कामं, खरेदी, स्वयंपाक, पैशाचे व्यवहार अशी घर चालवण्याची कामं, आणि देखरेख. देखरेख वेगळी विचारतात, कारण या आजारात वेळ तिथेच जातो. आई शांत बसलेली असते आणि तुम्ही काहीच करत नसता, पण तुम्हाला कोपऱ्यावरच्या दुकानातही जाता येत नाही. तो वेळ तुमचा नाही. चौथा रकाना घाला.

जगाचा आकडा सांगतो, कारण त्यात तुमची वहीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये डिमेन्शियाचा जगभरातला खर्च सुमारे १ लाख ३० हजार कोटी अमेरिकी डॉलर होता. त्यातला जवळजवळ निम्मा हॉस्पिटलचा नाही, औषधांचाही नाही. तो घरच्या माणसांनी विनामोबदला दिलेल्या वेळाचा आहे. ही माणसं दिवसाला सरासरी पाच तास देतात. आणि त्या तासांपैकी सुमारे ७० टक्के तास बायकांचे असतात.

घरी सांभाळणं स्वस्त पडतं असं सगळेच म्हणतात. हा निम्मा भाग शून्य धरल्यामुळे ते स्वस्त दिसतं.

ओंजळ
सोमवार, रात्री १०:५५

सगळ्यांचा मान ठेवून लिहिते. आईचं करण्याचे पैसे घ्यायचे, हे मला पटत नाही. तिने आपलं केलं तेव्हा तास मोजले होते का? माझ्या सासूबाईंचं मी नऊ वर्षं केलं. एक पैसा घेतला नाही आणि त्याचं समाधान आहे. पैसा मध्ये आला की नात्यातलं काहीतरी जातं, असं मला वाटतं. पाऊलवाट, तुम्हाला दुखवायचं नाही.

रानजाई
मंगळवार, सकाळी ६:५०

ओंजळ, तुमचं समाधान खरं आहे, त्याला हात लावायचा नाही. एवढंच विचारते. त्या नऊ वर्षांत घरात दुसरा पगार येत होता ना? आमच्याकडे येणारा एकच होता आणि तोच थांबला. पाऊलवाटचा स्वतःचाच थांबलाय. ज्याच्या घरात चूल दुसऱ्याच्या कमाईवर पेटते त्याला पैसा मध्ये आणू नका म्हणता येतं.

ओंजळ
मंगळवार, सकाळी ११:१५

हो, येत होता. यजमानांचा. हे मी धरलंच नव्हतं. सकाळपासून विचार करतेय, नऊ वर्षांनी माझ्या हातात माझं असं काय राहिलं. आत्ता मी ६१ वर्षांची आहे आणि माझ्या नावावर काही नाही. माझं म्हणणं मी मागे घेत नाही, पण पाऊलवाटने पैसे घ्यावेत.

कवडसा
मंगळवार, सायंकाळी ५:४०

मी १९ वर्षं वृद्धांच्या वॉर्डात नर्स होते. पैसा कुठे वाया जातो आणि कुठे खर्च करायला हात आखडू नये, ते मी रोज बघत होते. थोडं लांब लिहिते.

सुरुवातीला बी१२, थायरॉइड अशा साध्या रक्ततपासण्या आणि एकदा मेंदूचा स्कॅन हवाच, कारण विसरण्याची काही कारणं बरी होणारी असतात. पण निदान पक्कं झाल्यावर दरवर्षी स्कॅन कशासाठी, हे डॉक्टरांना विचारा. "याच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?" उत्तर नाही आलं तर पैसे वाचवा. डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध १९९६ पासून वापरात आहे, त्याची आणि मेमँटिनची स्वस्त जेनेरिक रूपं मिळतात. या गोळ्यांनी काही जणांना काही काळ थोडा फरक पडतो, पण आजार थांबत नाही. पेशंटचं वजन घटतंय, जुलाब होतायत, नाडी मंद आहे, असं दिसलं तर गोळी चालू ठेवायची का ते विचारायचं. मनाने मात्र एकदम बंद करू नका.

स्मरणशक्तीची टॉनिकं, कॅप्सूल, पावडरी. घरोघरी याच्यावर पैसा जाताना पाहिला आणि दर वेळी वाईट वाटलं, कारण तो आशेपोटी जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की बुद्धीची घसरण टाळण्यासाठी ब आणि ई जीवनसत्त्वं किंवा ओमेगा-३ सारख्या गोळ्यांची शिफारस करू नये. बी१२ खरंच कमी असेल तर ती गोष्ट वेगळी.

रात्री झोपत नाहीत, आरडाओरडा करतात म्हणून शांत करणाऱ्या गोळ्या लिहून घेतल्या जातात. त्या गोळ्या स्वस्तच असतात, पण माणूस त्या गुंगीत पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं. मग ऑपरेशन, अंथरूण, बेडसोर. २००५ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला होता की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांत अँटिसायकॉटिक, म्हणजे अशाच शांत करणाऱ्या, औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी द्याव्या लागतात, मान्य आहे. पण कमीत कमी मात्रेत, कमीत कमी दिवस, आणि कधी थांबवायच्या ती तारीख आधीच विचारून.

माणूस एक-दोन दिवसांत एकदम बिघडला, तर आजार वाढला असं समजून २४ तासांची बाई शोधायला धावू नका. आधी लघवीचा संसर्ग आहे का, पोट साफ आहे का, पाणी कमी पडतंय का, कुठे दुखतंय का, नवीन गोळी सुरू झाली का, ते बघा. डिमेन्शिया असा रातोरात उडी मारत नाही. माझ्या वॉर्डात भ्रमिष्ट अवस्थेत आलेले कितीतरी आजी-आजोबा संसर्ग बरा झाल्यावर बरेचसे पूर्वीसारखे होऊन घरी गेले.

डायपर हा न संपणारा खर्च. पण बऱ्याच घरांत तो गरजेच्या आधी सुरू होतो. पेशंटला लघवी लागलेली कळते, पण टॉयलेट सापडत नाही, किंवा कपड्याची नाडी सुटत नाही. दर दोन तासांनी स्वतःहून न्या, टॉयलेटच्या दारावर मोठं चित्र लावा, दार उघडं ठेवा, नाडीऐवजी इलॅस्टिक लावा. दिवसाचे डायपर कितीतरी कमी होतात, आणि माणसाची लाजही राखली जाते.

खर्च करायचा तो दांड्या, न घसरणारी फरशी, रात्रीचा मंद दिवा, कानाचं यंत्र, डोळ्यांचा बरोबर नंबर यांवर. अंथरुणाला खिळल्यावर हवेची गादी, आणि तरीही दर दोन तासांनी कूस बदलायची. बेडसोर झाल्यावर लागणारी ड्रेसिंगं, अँटिबायोटिकं आणि हॉस्पिटलचे दिवस यांच्यापुढे त्या गादीचा खर्च काहीच नाही.

शेवटचं लिहायला जड आहे. आजार अगदी पुढे गेल्यावर गिळणं बंद होत जातं. तेव्हा नाकातून किंवा पोटातून नळी घालण्याचा निर्णय घाईत, रात्री दोन वाजता कॉरिडॉरमध्ये घेतला जातो. इतक्या पुढच्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढतं किंवा छातीत संसर्ग होणं टळतं, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. हाताने, सावकाश, जमेल तेवढे घास भरवणं हाच तज्ज्ञांचा सल्ला असतो. हे बोलणं घरात आधी होऊ द्या, शांतपणे. पैशापेक्षा माणसासाठी.

धुकंदुपार
मंगळवार, रात्री ८:१०

कवडसा, धन्यवाद. एक विचारायचं होतं. आजोबांसाठी ते नवीन इंजेक्शन घ्यावं का? मामा म्हणतो घर गहाण टाकू पण आणू. आजोबा आता कुणालाच ओळखत नाहीत.

कवडसा
मंगळवार, रात्री ९:००

लेकेनेमॅबबद्दल म्हणत असाल. २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला पूर्ण मान्यता मिळाली. पण ते आजाराच्या अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी आहे, तेही मेंदूत अमायलॉइड (या आजारात साचणारं प्रथिन) असल्याची खात्री करून. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे बघायला वारंवार एमआरआय. १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. ती थांबली नाही आणि गेलेलं परत आलं नाही. १८ गुणांच्या मापावर हा फरक अर्ध्या गुणाहून कमी होता. आजोबा ज्या अवस्थेत आहेत तिथे हे औषध देतच नाहीत. बाळा, मामाला सांग, घर गहाण टाकू नका. त्याच पैशात घरच्यांना रात्रीची झोप मिळेल अशी मदत ठेवा.

मुक्काम
बुधवार, सकाळी ८:२५

मावशींबद्दल कुणीच फारसं लिहिलं नाही, म्हणून लिहितो. बायकोच्या आजारपणात सहा वर्षांत आमच्याकडे ११ मावशी होऊन गेल्या. प्रत्येक बदलीला ब्यूरोची फी, नवीन बाईला शिकवण्यात गेलेले दिवस, आणि बायकोचं पुन्हा बिथरणं. हा खर्च आम्ही स्वतःच ओढवून घेत होतो, हे बाराव्या मावशी आल्यावर कळलं. त्या चार वर्षं टिकल्या.

फरक काय केला? आठवड्याची एक सुट्टी ठरलेली आणि भर पगारी. मावशींच्या जेवणाची आणि झोपेची वेळ ठरलेली. २४ तासांची बाई म्हणजे २४ तास जागी असलेली बाई नव्हे, हे मला कळायला फार वर्षं लागली. रात्री तीनदा उठणाऱ्या पेशंटला एकच बाई दिवसरात्र ठेवली तर ती महिन्यात सोडून जाते, किंवा पेशंटवर चिडते.

आणि चोरीचा आळ. "माझे पैसे हिने घेतले" असं पेशंट हमखास म्हणतात. वस्तू ठेवल्याचं आठवत नाही, मग मेंदू कुणीतरी घेतली असा अर्थ लावतो. हा आजाराचाच भाग आहे. आम्ही आठव्या मावशींना याच कारणावरून काढलं. पुढे बायकोची अंगठी तिच्याच उशीच्या अभ्र्यात सापडली. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, पण त्यांचं काम तर गेलंच होतं. पहिल्याच दिवशी मौल्यवान वस्तू बंद करून ठेवा, मावशींच्या समोर यादी करा, आणि असा आळ येऊ शकतो हे त्यांना आधीच सांगा.

पाऊलवाटच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल. डॉक्टर निदानानंतर साधारण चार ते आठ वर्षं सांगतात, पण काही जण वीस वर्षंही जगतात. आमची दहा झाली. पैसा पुरवताना मी नेहमी दोन हिशेब केले, एक आठ वर्षांचा आणि एक पंधराचा. शेवटच्या वर्षांत औषधं कमी होतात आणि माणसाचे हात जास्त लागतात, म्हणून पुढची वर्षं आत्ताच्या खर्चावरून मोजू नका. आरोग्य विम्याची पॉलिसीही आत्ताच काढून वाचा. बहुतेक पॉलिसी हॉस्पिटलात दाखल झाल्यावरच पैसे देतात, आणि हा आजार तर घरातच काढायचा असतो.

पाऊलवाट
रविवार (तीन आठवड्यांनंतर), रात्री १:१५

सगळ्यांचे प्रतिसाद कितीदा वाचले ते सांगता येणार नाही. ओंजळ, तुमचा दुसरा प्रतिसाद वाचून मी रडले.

समपातळींनी सांगितल्याप्रमाणे चौथा रकाना घातला. दोन आठवड्यांची देखरेख मोजली. आठवड्याला आणखी ५० तास. ती संख्या लिहून मी वही मिटून ठेवली होती, चार दिवस उघडली नाही.

मागच्या शनिवारी दादा आणि बहीण दोघं आले. एकताराने सांगितलं तसं मी काही बोलले नाही, वही दादाच्या हातात दिली. तो पहिले दोन रकाने भराभर बघत गेला. तिसऱ्यावर थांबला. मग मागे जाऊन एकेक तारीख वाचायला लागला. एका पानावर मी लिहिलं होतं, "रात्री २:२०, ३:१०, ४:४५. सकाळी ताप ९९.८, माझा." त्याने विचारलं, "तुला ताप होता हे तू सांगितलं नाहीस." मी म्हटलं, "सांगून काय झालं असतं?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी आलो असतो असं मला म्हणायचंय, पण आलो नसतो."

सगळं सुटलं असं नाही. बहिणीला पहिल्यांदा वाटलं की मी आईची पुंजी घेण्यासाठी हे मांडतेय. ती तसं बोललीही. दादाने तिला वही दिली आणि आम्ही दोघं बाहेर जाऊन बसलो. ती तासाभराने बाहेर आली. माफी वगैरे मागितली नाही, पण म्हणाली, बदली खर्च किती धरलास ते दाखव, मी माझ्या ओळखीत दोन ठिकाणी विचारते. विचारलं तिने. तिचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आला.

ठरलं ते असं. आईच्या खात्यातून दरमहा बदली खर्चाच्या निम्मी रक्कम माझ्या नावे. त्याचा कागद केला, तिघांच्या सह्या, वकिलाला दाखवून. त्यातला एक भाग थेट माझ्या निवृत्तीच्या खात्यात, हे दादाने सुचवलं. आईला इकडून तिकडे नेलं की ती फार बावरते, म्हणून ती इथेच राहील आणि ते येतील. बहीण दर महिन्याला चार दिवस, दादा वर्षात दोनदा पंधरा-पंधरा दिवस. हिशेब आठ वर्षांचा केला आणि पंधराचाही. पंधराच्या हिशेबात अकराव्या वर्षी पुंजी संपते. तेव्हा काय, याचं उत्तर आमच्याकडे नाही. पण आता ते तिघांनाही माहीत आहे.

रानजाई, आईला सकाळी विचारलं. ऊन खिडकीत होतं, तिचा चेहरा बरा होता. म्हटलं, आई, तुझ्या पैशातून मी थोडे घेऊ का? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तू कामाला जात नाहीस का हल्ली?" मला कोण म्हणून ओळखलं तिने ते माहीत नाही. पण मी कामाला जायची, हे तिला आठवत होतं. मग म्हणाली, "घे. डब्यात असतील."

आत्ता बहिणीचे चार दिवस चालू आहेत. आज रात्री आई उठली तेव्हा मीही जागी झाले, पण उठले नाही. बहीण उठली. आत्ता वही उघडली तर तिच्या अक्षरात लिहिलंय, "१२:५०, टॉयलेट. १२:५५ ते १:१०, घरी जायचंय."

कवडसा, दर दोन तासांचं वेळापत्रक सुरू केलंय. नाड्यांच्या जागी इलॅस्टिक लावलं. दिवसाचे डायपर चारवरून दोनवर आले. रात्रीचं अजून जमत नाही, दोन तासांनी उठवलं तर पुन्हा झोपत नाही. त्यावर काही सुचत असेल तर जरूर लिहा.